कान आड येतात

बोर्ड मीच ठोकला, चार खिळे, एक वाकडा :
"स्केटबोर्ड चालवणाऱ्यास हेल्मेट सक्तीचे.
अन्यथा प्रवेश नाही. दंड रुपये शंभर. हुकूमावरून."
मला खुर्ची दिली, शिट्टी दिली, पावतीपुस्तक
आणि पोत्यात भरून सात हेल्मेटं.
पोरं एकोणतीस.

टाकाळ्याच्या उताराखाली सिमेंटची ही कढई ओतली
तेव्हा वाटलं पोहायचा टँक असंल,
पाणी सोडायचं विसरले.
मग पोरं आली. पायाखाली फळी, फळीला चार चाकं,
आणि कढईत जिलेबी सोडावी तशी
गरगर फिरायला लागली.

मी गंगावेशीत बारा वर्षं माती उकरली.
पहिले सहा महिने डाव न्हाई, नुसतं पडायचं.
हनुवटी छातीला. मान चोर. खांदा आधी.
"डोकं शेवटी का?" विचारलं तर थोबाडीत :
"डोकं कधीच न्हाई."
ती माती ताक प्यायलेली, हळद-तेल खाल्लेली,
पडलं की थोडी अंगाला लागून वर यायची.
सिमेंटला ताक कोण पाजणार?

टू-व्हीलरला हेल्मेटसक्ती आली तेव्हा मात्र
मोर्चात मी पुढं.
डोकं आमचं, तुमच्या बापाचं काय जातंय!
कुणी हेल्मेटात मेथी घेऊन आलं,
एकानं त्यात मिसळीचा कट आणला,
दसरा चौकापर्यंत गळत गळत.
हसून पोट दुखलं.
खरी गोष्ट घरीसुद्धा सांगितली नाही :
माझे कान आत जात नाहीत.
मोडून मोडून कणकेचे गोळे झालेत,
हेल्मेट ओढलं की डोळ्यांतून पाणी.
भांडलो कानासाठी,
नाव स्वातंत्र्याचं दिलं.

आता सात जण आत, बावीस कठड्यावर.
हेल्मेट डोक्यावरून डोक्यावर जातं,
आतल्या पट्टीला कुणाचं खोबरेल, कुणाचा घाम,
कुणाच्या तरी लग्नातला भुसा झालेला कागद.
तन्झिला मुजावर, आठवीतली, विचारते,
"वस्ताद, कायदा डोक्यासाठी हाय का हेल्मेटासाठी?"
मी पावतीपुस्तक चाळतो,
जसं उत्तर त्यात कुठं छापलंय.

शुक्रवारी तिनं आपली पाळी बारक्या पृथ्वीकला दिली.
पट्टा तिनंच लावला, टक्.
आणि स्वतः तशीच उतरली, वेणी मोकळी.
शिट्टी माझ्या तोंडात होती.
वाजवली नाही.

काठावर चाक अडलं.
एक आवाज फळीचा.
एक आवाज तिचा.
मी तिसऱ्याची वाट बघत उभा.

हनुवटी छातीला. खांदा आधी.
कुणी शिकवलं? मी तर नव्हतं.
कोपराला सोललं, उठली, फळी शोधली,
म्हणाली, "पावती फाडा."
तिसरा आवाज आला नाही,
पण कानात अजून जागा धरून बसलाय,
इतक्या मोडक्या कानात.

पावती मी माझ्या नावावर फाडली.
रविवारी उद्यमनगरात शंकऱ्याच्या शेडवर
जुनं हेल्मेट घेऊन गेलो,
हॅकसॉनं दोन्ही बाजूंना भोकं पाडून घेतली.
तो म्हणाला, ह्यानं काय वाचणार?
म्हटलं, कान सोडून बाकीचं.

आता तेच घालून फाटकावर बसतो.
जाणारे-येणारे विचारतात,
"काय वस्ताद, चंद्रावर निघालासा?"
निघालोय म्हणतो.

अर्ज केलाय : आणखी बावीस पाठवा.
तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या बाईंनी
चष्म्यावरून बघितलं. साईज काय लिहू?
लिहा, पोरांची. लहान-मोठी, मिळतील तशी.
आणि एक
कानाला भोकं असलेलं, असंल तर.